‘तो वेडाच होता’ म्हटलं की फाईल बंद

(आधीच सांगून ठेवतो: ‘अंधाधुन’, ‘शटर आयलंड’, ‘अमेरिकन सायको’ आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका जर्मन मूकपटाचा शेवट या लेखात फोडलेला आहे. लेखच शेवटांबद्दल आहे, त्यामुळे इलाज नाही.)

५ ऑक्टोबर २०१८ ला ‘अंधाधुन’ लागला तेव्हा मला नोकरी लागून जेमतेम तीन महिने झाले होते. फ्लॅटवरचे आम्ही चौघं पहिल्याच रविवारी बघायला गेलो. सिनेमा पुण्यात घडतो, दिग्दर्शक श्रीराम राघवन पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, त्यामुळे थिएटरात थोडं घरच्या कार्यासारखं वातावरण होतं. ओळखीचं काही दिसलं की मागच्या रांगेतून आवाज यायचा. आणि मग तो शेवट. युरोपातल्या कुठल्याशा शहरात आंधळा आकाश काठी टेकत चाललाय, वाटेत कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन पडलाय आणि तो काठीनं, अगदी नेम धरून, कॅन उडवतो. स्क्रीन काळी. सगळ्या थिएटरातून एक ‘ए!’ उठला.

पार्किंगमध्ये पाऊण तास भांडण झालं. दोघांचं म्हणणं, त्यानं सिमीचे डोळे काढून घेतले आणि सशाची गोष्ट सोफीला थापेत सांगितली. एकाचं म्हणणं, ससा खरा, डोळे नंतर दुसरीकडून मिळाले असतील. मी सशाच्या बाजूनं होतो, कारण सिनेमा सुरूच त्या सशापासून होतो. कोबीचं शेत, एका डोळ्याचा ससा, मागे बंदूक घेऊन पळणारा शेतकरी. हे दृश्य आपण कुणी काही सांगायच्या आधीच बघितलेलं असतं. ससा थाप असेल तर सिनेमाचा पहिला शॉटच थाप ठरतो. वॉचमन येऊन ‘गाडी काढा’ म्हणाला तेव्हा आम्ही निघालो.

ते भांडण आमच्या ग्रुपवर अजून अधूनमधून पेटतं. पण गेल्या काही वर्षांत मला वाटायला लागलंय की आम्ही चुकीच्या मुद्द्यावर भांडत होतो. आकाशला दिसतं की नाही यावर तो कॅन बघितल्यावर वाद उरत नाही. वाद आहे तो कसं दिसायला लागलं यावर. आता दोन्ही शक्यता नीट लावून बघा. त्यानं सिमीचे डोळे घेतले असतील, तर त्यानं सोफीला सोज्वळ गोष्ट रचून सांगितली. गंमत म्हणजे ती गोष्ट ऐकून सोफी उलट म्हणते की त्यानं डॉक्टरचं ऐकून ते डोळे घ्यायलाच हवे होते. म्हणजे त्याला माफी मिळाली, न मागता. तरी तो गप्प. आणि ससा खरा असेल, दृष्टी दुसऱ्या कुठल्या सरळ मार्गानं आली असेल, तरीही तो सोफीसमोर आंधळा बनून बसलाय. आमच्या भाषेत सांगायचं तर अटीचा निकाल काहीही लागू दे, दोन्ही फांद्या एकाच ओळीवर येतात: हा माणूस, ज्या मुलीशी खोटं बोलून त्यानं सगळं गमावलं, तिच्याशी पुन्हा खोटं बोललाय. सिनेमाच्या सुरुवातीला तो ‘प्रयोग’ म्हणून आंधळा बनला होता. मधे खरोखर आंधळा झाला. शेवटी पुन्हा बनतोय, आणि आता कारण विचारायला कुणी नाही.

हा मला संदिग्ध शेवटाचा उत्तम नमुना वाटतो. काय घडलं हे थोडं धूसर ठेवलंय, पण माणूस अजिबात धूसर नाही, उलट जास्त स्पष्ट होतो. आणखी एक प्रामाणिकपणा आहे. सव्वादोन तास कॅमेरा आपल्याशी खोटं बोलत नाही. आकाशला बाथरूममध्ये जे दिसतं ते आपल्यालाही दिसतं. फक्त सोफीला सांगितलेला शेवटचा भाग तेवढा त्याच्या तोंडून येतो. कुठल्या क्षणापासून आपण फक्त एका माणसाच्या शब्दावर आहोत, हे सिनेमा लपवत नाही. आपल्याच लक्षात येत नाही. या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

पण सगळेच असे शेवट असे नसतात, आणि त्यापेक्षा मोठी तक्रार आपल्याबद्दल आहे. कुठल्याही सायकॉलॉजिकल थ्रिलरचं नाव सर्च करा, पुढे ‘एंडिंग एक्सप्लेन्ड’ आपोआप येतं. त्या व्हिडिओंमध्ये दर तिसरी थिअरी एकच असते: हे सगळं त्याच्या डोक्यातच घडलं. सिनेमा कुठलाही असो. ही थिअरी सांगणाऱ्याला आपण फार खोल गेलो असं वाटत असतं. मला ती आमच्या ऑफिसमधल्या एका सवयीसारखी वाटते. ग्राहकाकडून बगची तक्रार आली, आपल्या मशीनवर तो बग दिसला नाही, की शेरा मारायचा ‘रीप्रोड्यूस होत नाही’ आणि तिकीट बंद. ग्राहक खोटारडा आहे असं कुणी म्हणत नाही. पण त्यानंतर कुणी कोडही उघडत नाही. मी स्वतः अशी कितीतरी तिकिटं बंद केलीत. शुक्रवारी संध्याकाळी तर जास्तच.

‘अमेरिकन सायको’च्या बाबतीत नेमकं हे झालं. ब्रेट ईस्टन एलिसची कादंबरी १९९१ ची, मेरी हॅरनचा सिनेमा २००० चा. पॅट्रिक बेटमन नावाचा वॉल स्ट्रीटवरचा गुळगुळीत तरुण एकामागून एक खून करतो, शेवटी फोनवर वकिलाकडे सगळ्याची कबुली देतो. दुसऱ्या दिवशी वकील भेटतो आणि ती कबुली विनोद समजून हसतो. तू म्हणतोस त्या पॉल अ‍ॅलनबरोबर तर मी नुकताच लंडनमध्ये जेवलो, म्हणतो. झालं. सगळ्या जगानं निष्कर्ष काढला: खून झालेच नाहीत, सगळे मनाचे खेळ. एटीएमच्या स्क्रीनवर ‘भटकी मांजर भरव’ असा मेसेज येतो, तो प्रसंग पुरावा म्हणून दाखवला जातो. कबूल, तिथे बेटमनचा तोल गेलेला आहेच.

पण तो वकील बेटमनशी बोलताना त्याला डेव्हिस म्हणतोय! समोर उभा असलेला माणूस कोण हे ज्याला माहीत नाही, त्यानं लंडनमध्ये कुणाबरोबर जेवण केलं याची साक्ष आपण का मानायची? या सिनेमातला प्रत्येक जण प्रत्येकाला दुसराच कुणीतरी समजतो, सगळ्यांचे सूट सारखे, व्हिजिटिंग कार्डं सारखी. आणि तो फ्लॅटचा प्रसंग. बेटमन जिथे प्रेतं ठेवली होती तिथे जातो, तर भिंती पांढऱ्या स्वच्छ, घर विकायला काढलंय, आणि ती एजंट बाई त्याच्याकडे अशी बघते की बस्स. जा इथून, परत येऊ नकोस, एवढंच तिचं म्हणणं. तिला काय माहीत आहे? मला तो सीन सगळ्या रक्तापेक्षा भयंकर वाटतो. महागडा फ्लॅट आहे, भाव पडायला नको. ‘सगळं डोक्यात होतं’ म्हटलं की ती बाई सुटली, तो वकील सुटला, ते आख्खं ऑफिस सुटलं. मेरी हॅरननं नंतर मुलाखतीत कबूल केलं की शेवट जरा जास्तच मोकळा ठेवला गेला, लोकांना ते सगळं स्वप्न वाटावं असा हेतू नव्हता, आणि हे तिला स्वतःचं अपयश वाटतं. दिग्दर्शक एवढं स्पष्ट बोललेली फार कमी वेळा आढळते. माझ्या मते तिचं म्हणणं खरं आहे. सिनेमा चांगलाच आहे, पण शेवटी त्यानं प्रेक्षकाच्या हातात तिकीट बंद करायचं बटण दिलं, आणि प्रेक्षकानं ते दाबलं.

हे मला एवढं का लागतं ते सांगायला हवं. मामाला विचारूनच लिहितोय. ‘नाव घालू नको,’ एवढं म्हणाला.

मामा तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत क्लार्क होता. मी सातवीत असताना तो म्हणायला लागला की कर्जखात्यांच्या वह्यांमधले आकडे रात्रीतून बदलतात. संध्याकाळी एक लिहून यायचं, सकाळी दुसरंच. सुरुवातीला घरी सगळे ऐकायचे. मग तो म्हणायला लागला की खोलीतला पंखा त्याचं बोलणं ऐकतो, आणि दूधवाला त्यांचाच माणूस आहे. झोप बंद, जेवण बंद. आजोबांनी मोठ्या गावी डॉक्टरकडे नेलं. स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या, सहा-आठ महिन्यांनी पंखा गप्प झाला. डॉक्टर चांगले होते, गोळ्यांनी मामा आम्हाला परत मिळाला, यात मला काडीची शंका नाही. फक्त पंखा आणि दूधवाला यांच्याबरोबर वह्याही गेल्या. त्याही आजारातच जमा झाल्या. मामानंही पुन्हा विषय काढला नाही, कारण काढला असता तर गोळ्या चुकल्या का, असंच सगळ्यांनी विचारलं असतं.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्या पतसंस्थेवर प्रशासक आला. लोकांच्या ठेवी अडकल्या, त्यात आजीचीही एक होती. आता पतसंस्था बुडाली म्हणून मामाचं म्हणणं खरं, असं होत नाही. पतसंस्था बुडायला शंभर कारणं असतात. पंखा ऐकत नव्हता हे नक्की. आकडे बदलत होते का, हे मला माहीत नाही, आणि आता कळणारही नाही. तेव्हा एकदा वही उघडून बघितली असती तर कळलं असतं. कुणी बघितली नाही, कारण शेवट आधीच ठरला होता.

म्हणून हा ट्विस्ट पहिल्यांदा कुणी वापरला ते मी शोधत गेलो, आणि ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी’ला पोचलो. १९२० चा मूकपट, दिग्दर्शक रॉबर्ट वीन. यूट्यूबवर मिळतो, तासा-सव्वा तासाचा आहे, बघाच. फ्रान्सिस नावाचा तरुण बागेत बसून गोष्ट सांगतो: जत्रेत एक कॅलिगरी येतो, झोपेत चालणाऱ्या एका माणसाला संमोहित करून त्याच्याकडून खून करवतो, आणि तपास केल्यावर कळतं की हा कॅलिगरी म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख. मग आपण पुन्हा बागेत येतो आणि कळतं की फ्रान्सिस त्याच इस्पितळातला रुग्ण आहे. प्रमुख तर कनवाळू गृहस्थ. तो म्हणतो, याचा भ्रम काय आहे ते मला कळलं, आता मी याला बरा करू शकतो. समाप्त.

सिगफ्रीड क्राकाउर या समीक्षकानं १९४७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात यावर कडक आक्षेप घेतला. त्याचं म्हणणं, यानोविट्झ आणि मायर या लेखकांनी सत्ता कशी वेडी असते याची गोष्ट लिहिली होती. तिच्याभोवती ही चौकट ठोकली आणि सिनेमा उलटा झाला: सत्ता शहाणी, तिच्यावर बोट ठेवणारा वेडा. पुढे मूळ पटकथेची प्रत सापडली तेव्हा कळलं की चौकट तिच्यातही होती, फक्त वेगळी, तिच्यात फ्रान्सिस वेडा नव्हता. म्हणजे क्राकाउरचा सगळा तपशील बरोबर नव्हता. पण आक्षेप मला अजून बिनतोड वाटतो. तरी सिनेमा त्याला एका ठिकाणी चकवतो. फ्रान्सिसच्या गोष्टीत इस्पितळाचं अंगण जसं वाकडंतिकडं, रंगवलेलं दिसतं, शेवटी ‘खऱ्या’ जगात आल्यावरही ते तसंच दिसतं. भ्रम संपला, मग अंगण सरळ का झालं नाही? बजेट नव्हतं म्हणूनही असेल. पण त्यामुळे शेवटी त्या कनवाळू डॉक्टरचा चेहरा दिसतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसत नाही. चौकट ठोकली, पण एक खिळा सैल राहिला.

‘शटर आयलंड’ला अनेक जण कॅलिगरीचाच नातू मानतात आणि मीही बरीच वर्षं मानत होतो. २०१० चा सिनेमा, मार्टिन स्कोर्सेसी, डेनिस लेहेनच्या २००३ च्या कादंबरीवर. १९५४ साल, बेटावरचं मनोरुग्णांचं इस्पितळ, तिथून नाहीशी झालेली एक बाई शोधायला आलेला मार्शल टेडी डॅनियल्स. हॉस्टेलवर लॅपटॉपभोवती सात जण दाटीवाटीनं बसून आम्ही तो बघितला, आणि टेडी म्हणजेच अँड्र्यू लेडिस, इथलाच सदुसष्टावा रुग्ण, हे कळल्यावर लगेच पहिल्यापासून पुन्हा लावला. मग पुराव्यांची शिकार. चक नावाचा त्याचा जोडीदार गेटवर पिस्तूल काढून देताना चाचपडतो, कारण तो मार्शल नसून डॉक्टर शीहान आहे. एक बाई पाणी पिते तेव्हा एका शॉटमध्ये तिच्या हातात ग्लासच नसतो. पॉज, रिवाइंड, पॉज. त्या वयात यापेक्षा मोठं सुख नव्हतं. आईकडे रत्नाकर मतकरींच्या गूढकथा होत्या, त्या वाचून शेवट कळल्यावर मागे जायची खोड आधीच लागलेली होती.

त्याच सिनेमात गुहेतला प्रसंग आहे. गुहेत लपलेली एक डॉक्टर टेडीला सांगते की एकदा तुला वेडा ठरवलं की तू जे जे करशील ते वेडातच मोजलं जाईल. नाकारलंस तर नाकारणं हे लक्षण, भीती वाटली तर भीती हे लक्षण. नेटवर एक मोठा गट आहे जो याच प्रसंगावर सगळा डोलारा उभा करतो: टेडी खरा मार्शल होता, त्याला इस्पितळानं औषधं देऊन वेडा केलं. मामामुळे मला ही थिअरी खरी असावीशी वाटायची. पण सिनेमा ती पेलत नाही. ग्लास, पिस्तूल, टेडीच्या स्वप्नांत पुन्हा पुन्हा येणारं पाणी, सगळं एकाच बाजूला झुकतं, आणि ती डॉक्टर बाई गुहेत खरोखर होती का हेच धड ठरत नाही. पुरावा नको तिकडे जात असला तरी मानावा लागतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी आजोळी राहून काम करत होतो. एका रात्री मी हाच सिनेमा बघत होतो आणि मामा मागे येऊन बसला. बंद करू का, असं दोनदा मनात आलं. बंद केला नाही. गुहेच्या प्रसंगाला तो हसला, म्हणाला, ‘हे बरोबर आहे.’ बाकी पूर्ण सिनेमाभर गप्प. संपल्यावर मी सवयीनं ग्लासबद्दल सांगायला लागलो, त्याला त्यात रस नव्हता. तो म्हणाला, ‘पण त्या डॉक्टरांनी त्याला बेटभर फिरू दिलं. तपासू दिलं सगळं.’

सात जणांनी दोनदा बघून आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. डॉक्टर कॉली आणि शीहान यांनी जे नाटक उभं केलंय ते तपासाचं आहे. तुला वाटतं ना दीपगृहात माणसांवर प्रयोग होतात? जा, चढ, बघ. तो चढतो, दार फोडतो, आणि आत टेबलामागे कॉली एकटा बसलेला असतो. बाकी रिकामं. हा ट्विस्ट म्हणूनच टिकतो. ‘तो वेडा होता’ हे इथे कुणी बाहेरून चिकटवलेलं नाही. त्याचा प्रत्येक आरोप खरा मानून तपासल्यावर त्या टोकाला पोचलंय. कॅलिगरीच्या डॉक्टरला निदान झाल्याबरोबर आनंद होतो. कॉलीला होत नाही.

आणि त्यानंतर कुठे खरी संदिग्धता सुरू होते. सकाळी पायऱ्यांवर बसलेला अँड्र्यू पुन्हा टेडीसारखं बोलायला लागतो, या बेटावरून निघायला हवं वगैरे. शीहान लांबूनच कॉलीकडे बघून मान हलवतो. उपचार फसले, आता मेंदूची शस्त्रक्रिया. लोबोटॉमी. सेवक कापडात गुंडाळलेली हत्यारं घेऊन येतात. तेव्हा अँड्र्यू विचारतो की राक्षस म्हणून जगणं वाईट की भला माणूस म्हणून मरणं. हे वाक्य कादंबरीत नाही, सिनेमासाठी घातलंय. त्या एका प्रश्नानं कळतं, किंवा कळल्यासारखं वाटतं, की त्याला सगळं आठवतंय आणि तो चालत निघालाय. वस्तुस्थितीबद्दल आता काही शंका नाही. शंका फक्त एका माणसाच्या निर्णयाबद्दल आहे, आणि ती कुठल्याही ग्लासवर पॉज करून सुटत नाही.

त्या रात्री मी मामाला पहिल्यांदा वह्यांबद्दल विचारलं. अकरा वर्षांनी. तो म्हणाला, आता काही आठवत नाही, खाते नंबर एका शंभर पानी वहीत लिहिले होते, रद्दीत गेली असेल. किती खाती होती, मी विचारलं. ‘चौदा,’ तो लगेच म्हणाला. मग गोळी घ्यायला स्वयंपाकघरात गेला.

नंतर मी तो शेवटचा प्रसंग पुन्हा बघितला. अँड्र्यू उठून सेवकांच्या दिशेनं चालायला लागतो. ते वाक्य ऐकून शीहानला काहीतरी लक्षात आलंय, तो मागून हाक मारतो. पण हाक मारतो ती ‘टेडी’ अशी. दोन वर्षं ज्याला खरं नाव घ्यायला लावायची सगळी खटपट चालली होती, त्याला ऐन वेळी शीहान खोट्या नावानं बोलावतो, आणि तो वळत नाही. टेडी नाही म्हणून वळला नाही, की वळायचंच नव्हतं म्हणून? शीहाननं ‘अँड्र्यू’ म्हटलं असतं तर?